सासुरवास मसाल्याची झोपलेली पाकिटं

१

"हे मी सांगीन, आणि तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून धोंडीराम आबांनी चपला काढल्या आणि कट्ट्यावर मांडी ठोकली.

नाशिकरोडच्या त्या कॉलनीत आबांनी चपला काढल्या की समजायचं, गोष्ट लांबणार. रविवारची संध्याकाळ होती. शेजारची मैना निवडायची मेथी ताटासकट घेऊन खाली आली. विमलाबाई, म्हणजे आबांची मंडळी, आधीच येऊन बसल्या होत्या.

"विश्वास ठेवणार नाहीत हे ठाऊक आहे, तर सांगता कशाला?" विमलाबाई म्हणाल्या.

"सवय," आबा म्हणाले.

आबांची हयात नोटांच्या छापखान्यात गेली. छापलेले ताव डोळ्यांखालून घालायचे आणि डागाळलेला ताव बाजूला काढायचा, हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. नुसत्या फडफडीवरून नोट सकाळपाळीची की रात्रपाळीची हे आपण सांगत असू, असं ते सांगत. एक खोटी नोट तर म्हणे त्यांना पाहून घामाने भिजली होती. पण ही गोष्ट नोटेची नव्हती. ही होती मसाल्याची, आणि ती सुरू झाली दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहाला, जेव्हा त्यांचा भाचा बुद्धभूषण दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काय रे, तोंड का असं?"

"मामा," तो म्हणाला, "आज संध्याकाळी पाच वाजता मी चोर होणार आहे."

२

बुद्धभूषण सातपूरला उत्तराबाईंच्या मसाल्याच्या कारखान्यात कामाला होता. मसाल्याचं नाव 'सासुरवास काळा मसाला', आणि पाकिटावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'तिखट, पण सवयीचा.' उत्तराबाईंनी घरच्या गच्चीवर सुरू केलेला धंदा बारा वर्षांत जिल्हाभर गेला. नाव झालं तसे नकली मसालेवाले उगवले. हुबेहूब तसंच पाकीट, आत मात्र लाकडाचा भुसा आणि रंग. मागच्या वर्षी लोकांनी भुशाची आमटी खाल्ली आणि शिव्या उत्तराबाईंना घातल्या. तेव्हा त्यांनी तनय नावाच्या एका तरुण इंजिनिअरला बोलावून नवं तंत्र बसवून घेतलं होतं.

"कसलं तंत्र? मला समजेल असं सांग," आबा म्हणाले.

"प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर एक चकाकतं स्टिकर. त्यावर नंबर आणि चौकटीचा कोड. मी स्टिकर छापतो तेव्हा तो कोड झोपलेला असतो. पाकीट भरलं की ते एका पट्ट्यावरून जातं. पट्ट्याखाली काचेचा डोळा आहे. डोळ्याने कोड वाचला की तो जागा होतो. मग गिऱ्हाईकाने मोबाइल लावला की उत्तर येतं, 'अस्सल माल, सुखाने जेवा.'"

"आणि झोपलेल्या कोडला मोबाइल लावला तर?"

"'सावधान, हे पाकीट बनावट आहे.' म्हणजे कोणी स्टिकरचं अख्खं बंडल पळवलं तरी त्याचा उपयोग नाही."

आबांना हे फार आवडलं. "वा! जागं असेल ते खरं, झोपलेलं असेल ते खोटं. आमच्या ऑफिसात हे मशीन असतं, तर दुपारी अर्धा स्टाफ बनावट निघाला असता."

बुद्धभूषण पुढे सांगू लागला. इंदिरानगरच्या एका दुकानात एका बाईने मोबाइल लावला आणि लाल अक्षरं आली. दोन दिवसांनी गंगापूर रोडला तेच. मग त्र्यंबकेश्वरला, यात्रेकरूंच्या जेवणावळी करणाऱ्या एका आचाऱ्याकडे. आठवड्यात नऊ पाकिटं परत आली. शंभरात एखादाच माणूस मोबाइल लावतो, बाकीचे सरळ फोडणी देतात. तेव्हा नऊ सापडली म्हणजे बाजारात किती असतील, देव जाणे. ऐन दिवाळीत दुकानदार माल परत पाठवायला लागले होते.

"झोपलेला कोड बाजारात गेला, म्हणजे स्टिकर चोरीला गेले. स्टिकरचं कपाट माझ्या ताब्यात. आणि मामा, त्या कपाटाला किल्ली एकच आहे." त्याने ती खिशातून काढून दाखवली. "पाचपर्यंत हिशोब लागला नाही, तर मॅडम पोलिसात माझं नाव देणार."

आबांनी भाच्याकडे पाहिलं. हा पोरगा वडील गेल्यावर त्यांच्याच ओट्यावर अभ्यास करून मोठा झालेला.

"चोरलेस का?"

"नाही."

"ठीक. त्यातलं एखादं पाकीट आणलंयस?"

"आणलं होतं. मघाशी दारातच मामींच्या हातात दिलं."

आबा धावत स्वयंपाकघरात गेले. पण पुरावा तोवर कढईत पडला होता. विमलाबाईंनी वांग्याच्या भाजीत दोन चमचे सढळ हाताने टाकले होते.

"मला वाटलं, पोराने मसाला आणलाय," त्या म्हणाल्या. "आणि बनावट कसला? दगडफुलाचा वास बघा कसा सुटलाय."

आबांनी बोटावर रस्सा घेऊन चाखला. मग परत चाखला. मग ताट मागवलं. तिसऱ्या भाकरीला त्यांच्या लक्षात आलं की आपण जे खातोय, ते अजिबात बनावट नाही.

"बनावट पाकिटात अस्सल मसाला भरणारा चोर," ते बोटं चाटत म्हणाले, "मी जन्मात पाहिला नाही."

३

सातपूरला पोहोचेपर्यंत एक वाजला. उत्तराबाईंच्या टेबलावर उरलेली आठ पाकिटं ओळीने मांडली होती, आरोपी उभे करावेत तशी.

उत्तराबाई पन्नाशीच्या, सरळ स्वभावाच्या. आबांसाठी त्यांनी खुर्ची ओढली, चहा सांगितला. आबांनी विनंती केली म्हणून एक पाकीट फोडून चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा तर माझाच मसाला! यात मी जायपत्री किती घालते, ते माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही."

"मग झालं तर," आबा खुशीत म्हणाले. "माल अस्सल, चोरी नाही."

"उलट वाईट झालं, आबा." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे नुसते स्टिकर नाही, मसालाही चोरीला गेला. माझाच माल, माझंच स्टिकर, आणि विकणारा तिसराच. मसाल्याच्या कोठीची किल्ली कोणाकडे असते ठाऊक आहे?"

आबांनी भाच्याकडे पाहिलं. त्याने खिशातून दुसरी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

इथे मैनाने मेथी निवडणं थांबवलं. "अगं बाई! म्हणजे तुम्हीच त्याला खड्ड्यात घातलं की!"

"मी म्हटलं ना," आबा म्हणाले, "विश्वास बसणार नाही."

"यावर बसला," विमलाबाई म्हणाल्या.

४

आबांनी पाचपर्यंतची मुभा मागून घेतली आणि एकेकाला गाठलं.

पहिला अमोल, टेम्पोवाला. दुकानांत माल पोहोचवणारा तोच. रोज बारा ते एक त्याचा टेम्पो मखमलाबाद नाक्यावर उभा असतो, एवढं वॉचमनने सांगितलं होतं. आबांनी विचारताच तो कानापर्यंत लाल झाला.

"आबा, मॅडमना सांगू नका. पाया पडतो."

"कोणाला माल देतोस तिथे?"

"देत नाही हो, खातो! मिसळ खातो. त्या हॉटेलात दुसऱ्याच कंपनीचा मसाला असतो. पण रस्सा काय असतो, आबा! मॅडमना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल."

आबांनी त्याच्या शर्टावरचा तर्रीचा डाग बघितला आणि त्याला सोडून दिलं.

दुसरा तनय. तो लॅपटॉप उघडून तयारच होता.

"सिस्टिम चुकत नाही, काका. माणूस चुकतो. ही यादी बघा, शेकडो कोड छापलेत पण जागे झालेले नाहीत. सगळे दसऱ्यानंतरचे."

"तुमच्या त्या डोळ्याने वाचलेच नसतील तर?"

"तर मशीन स्वतः आवाज देतं, की हे पाकीट काढून ठेवा. आजवर एकाही बाईने तक्रार केलेली नाही. तुम्ही हवं तर डोळा तपासा, आरशासारखा लख्ख आहे."

"तो कोण पुसतो?"

तनय जरा अडखळला. "बुद्धभूषणच पुसतात. रोज सकाळी, न चुकता."

दसऱ्यानंतरचे. हा शब्द आबांच्या कानात राहिला. उत्तराबाईही तेच म्हणाल्या होत्या: "दसऱ्याला सगळे पूजेला होते, एक बुद्धभूषण नव्हते. सुट्टी मीच दिली होती, त्याचं काही नाही. पण गडबड नेमकी तेव्हापासून."

"बाई, तो आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन," आबा म्हणाले होते. "आम्ही सगळे त्रिरश्मी लेण्यांपाशी होतो. हा पोरगा दिवसभर पाणी वाटत होता. दोनशे माणसं साक्षीला आणतो."

"आणा. पण त्याने माझी पाकिटं जागी होणार आहेत का?"

साडेतीन झाले होते. शेवटची उरली गोजराबाई. गिरणाऱ्याहून येणारी, साठीची, पट्ट्यावर पाकिटं ठेवणाऱ्या बायकांची म्होरकी. कांडपयंत्रांचा धडधडाट एवढा होता, की तिच्या कानाशी ओरडावं लागलं.

"गोजराबाई, दसऱ्यापासून इथे काही बदललंय का?"

"काय बी नाय बदललं, भाऊ. समदं हाय तसंच हाय."

"आठवून बघा."

"नाय म्हंजे, मशीनला जरा गुण आलाय." ती हसली. "पूजा पावली त्याला. वरीसभर मुकं होतं. आता आमी ओव्या म्हनतो, आन् ते टुंग करून ताल धरतं. लय ग्वाड वाजतं. आमची वळ संपली की ह्याचं टुंग."

आबांनीही दोन ओव्या ऐकल्या. टुंग खरोखर सुरेख वाजत होतं. ताल बघून त्यांनी मानही डोलावली, आणि वर ऑफिसात आले.

५

सव्वाचार. आठ पाकिटं टेबलावर तशीच. उत्तराबाई फोन हातात घेऊन खिडकीशी. बुद्धभूषण कोपऱ्यात, हात मागे बांधून.

आबांना करायला काहीच उरलं नव्हतं. मग हाताला जी सवय होती, ती हाताने केली. ताव लावायचे तशी पाकिटं नंबरवार लावली. चार हजार एकशे सात. चार हजार एकशे अठरा. मग एकशे चाळीस. एकशे त्र्याहत्तर. एकशे चौऱ्याऐंशी.

सात आणि अठरा, मध्ये अकरा. अठरा आणि चाळीस, बावीस. चाळीस आणि त्र्याहत्तर, तेहतीस. पुढे परत अकरा. आबांनी चष्मा पुसला आणि उरलेल्या तिन्ही पाकिटांना लावून पाहिलं. सगळी अंतरं अकराच्या पाढ्यात.

"बाई," ते म्हणाले, "चोर अंधारात हात घालतो, सापडेल ते उचलतो. अकरा मोजून एक उचलणारा चोर पाहिलाय कधी?"

"म्हणजे?"

"छापखान्यात आमचे वस्ताद सांगायचे. दर ठराविक ताव गेले की त्याच जागी डाग येत असेल, तर कारागिराला शिव्या घालू नका, मशीनचा रूळ बघा. माणूस चुकतो तो कसाही चुकतो. पाढा म्हणत चुकतं ते फक्त चाक." ते उठले. "तुमच्या पट्ट्यावर पाकिटं ठेवायचे खण किती?"

उत्तराबाईंना माहीत नव्हतं. तनयला होतं. त्याने उत्तर दिलं, आणि देता देता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अकरा."

आबा जिन्यावरून असे उतरले की ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत हे जिन्याला कळलंच नाही. गोजराबाईच्या शेजारी उभे राहून त्यांनी मोजलं. नऊ, दहा, अकरा. टुंग. नऊ, दहा, अकरा. टुंग.

"तनयराव," ते ओरडले, "तुमचं मशीन पाकीट काढून ठेवा म्हणून आवाज देतं, तो आवाज कसा असतो?"

"टुंग," तनय खालमानेने म्हणाला.

"आणि तो कशाचा, हे या बायकांना कोणी सांगितलं होतं?"

"आधीच्या सुपरवायझरना सांगितलं होतं. त्या सोडून गेल्या. आणि वर्षभरात तो एकदाही वाजला नव्हता."

"मेन स्विच पाडा!" आबा म्हणाले. "पट्टा, कांडप, सगळं बंद! मला हात घालून बघायचंय."

धडधडाट थांबला. कारखाना इतका शांत झाला, की बाहेरच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. आबांनी पट्ट्यावरचं झाकण उचललं. प्रत्येक खणाच्या तळाला काचेची खिडकी होती, खालच्या डोळ्याला पाठीवरचं स्टिकर दिसावं म्हणून. दहा खण स्वच्छ होते. अकराव्याच्या खिडकीवर ओल्या कुंकवाने नीट चिकटवलेलं, आता वाळून कडक झालेलं, आपट्याचं पान होतं.

दसऱ्याचं सोनं.

"गोजराबाई," आबांनी विचारलं, "हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की! रोज दिसतं."

"मग काढलं का नाही?"

गोजराबाईने आबांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी देव्हारा उपटायला सांगितला होता. "भाऊ, पूजेचं पान हाय ते! मशीनला वाहिलेलं. ते आमी कसं काढावं? आन् ते बी..." ती थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग छताकडे.

"आणि तेही काय?"

बोलल्या त्या उत्तराबाईच. त्या मिरचीच्या पोत्यावर मटकन बसल्या होत्या.

"मीच वाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "समोर आला त्या खणात. दरवर्षी मी पहिलं सोनं जात्याला वाहायची. यंदा म्हटलं, हे मशीन आपलं नाव राखतंय, तर याला वाहू. बुद्धभूषण असते तर ओरडले असते, मॅडम, काचेला हात लावू नका म्हणून. ते नव्हते, म्हणून तर झालं. सकाळी येऊन ते खालचा डोळा पुसायचे, वरच्या खणात कोण बघतंय?"

चोरी नव्हती, चोर नव्हता. बाजारातलं प्रत्येक अकरावं पाकीट अस्सल असूनही नुसतं झोपलं होतं, आणि त्याला झोपवणारी त्याची आईच होती. तनयने तिथल्या तिथे बसून ते सगळे कोड जागे करायला घेतले.

उत्तराबाई उठल्या. ते पान त्यांनी नखाने हळूच सोडवलं, पदराने पुसलं, आणि सगळ्या बायकांच्या समोर बुद्धभूषणपुढे धरलं.

"दसऱ्याला तुम्ही नव्हता, तुमच्या वाटणीचं सोनं राहिलं होतं. घ्या. आणि मला माफ करा. मी पानाआधी माणसावर संशय घेतला."

बुद्धभूषणने पान घेतलं. ते जपून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, सोनं घेतो. पण एक करा. त्या दोन्ही किल्ल्यांच्या जोडकिल्ल्या बनवून तुमच्याकडे ठेवा."

तेव्हा गोजराबाई जी हसली, ती हसता हसताच रडायला लागली, आणि तिचं बघून सगळा कारखाना.

६

आबांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागले. संध्याकाळ छान उतरली होती. मैनाची मेथी कधीच निवडून झाली होती, पण ती ताट घेऊन तशीच बसली होती.

"बिचाऱ्या उत्तराबाई," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय केलंत हो, आबा?"

"मी काय करणार? मी असले चिकार प्रसंग बघितलेत. त्या बायका मुळुमुळु रडतायत, तनयराव नाक ओढतायत, अमोल तर टेम्पोत जाऊन बसला. मी मात्र ताठ. चौतीस वर्षांची शिस्त!"

"एक टिपूस नाही?" विमलाबाईंनी विचारलं.

"तसं म्हटलं तर दोन थेंब आले," आबांनी उदारपणे कबूल केलं. "पण ते मिरचीच्या खकाण्याने. शेजारीच कांडप चालू होतं ना, डोळ्यांत नुसती आग! माझ्या जागी दुसरा असता तर..."

"खोटं!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कट्ट्यामागे, हातात चहाची किटली घेऊन, बुद्धभूषण उभा होता. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

"साफ खोटं, मामा! मेन स्विच तुम्हीच पाडायला लावला होता. अख्ख्या कारखान्यात एक चाक फिरत नव्हतं. मिरची उडेल कुठून? तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता, हुंदके!"